मोज्यावर मोजा

डिसेंबरातली संध्याकाळ होती. जळगावच्या फुले मार्केटात मोज्या-रुमालांच्या एका चिंचोळ्या दुकानासमोर एक कुटुंब उभं होतं. नवरा, बायको, दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. "जाडमाजाड दे भो, बरफमा जानं शे," गृहस्थांनी ऐटीत सांगितलं. दुकानदारानेही रोज सकाळी बर्फ तुडवूनच दुकान उघडत असल्यासारखा सल्ला दिला. एकावर एक दोन घाला दादा, थंडीची काय बिशाद! माणशी चार जोड, चौघांचे सोळा. बाईंनी लुगड्याचा पोत पाहावा तसा मोज्याचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि मान डोलावली. तेवढ्यात मुलीने विचारलं, "पण पप्पा, दोन-दोन मोजे घातल्यावर बुटात पाय जाईल का?" पप्पा म्हणाले, "बूट मोठा घेऊ ना, बेटा." सोळा जोड पिशवीत गेले आणि कुटुंब गर्दीत मिसळलं.

ते "बूट मोठा घेऊ" मात्र कानातून जाईना.

त्यात चूक कुणाची म्हणायची? खानदेशात थंडीशी वागण्याची एकच रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, ती म्हणजे अजून एक पांघरा. गोधडी पुरेना तर वर दुसरी, तिच्यावर चादर, पायाशी शेकोटी. आणि ही रीत आपल्या थंडीला चालतेही. आपली थंडी कोरडी असते, पहाटे येते आणि नऊला उन्हात विरघळून जाते. गोधडी ऊब देते ती तिच्या जुन्या लुगड्यांमुळे कमी आणि त्या लुगड्यांच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे जास्त. टाके घालताना बाया थर अगदी चेपून टाकत नाहीत, थोडे फुगीर ठेवतात, ते उगाच नाही. हीच हवा बुटात चेपून टाकली तर मोज्यावर मोजा चढवूनही पाय गारच राहतो. काश्मीरात गुलमर्गला स्की करायला, म्हणजे पायांना लांब पट्ट्या जोडून बर्फावरून घसरायला, गेलं की स्कीच्या बुटात पहिल्याच सकाळी नेमकं हे होतं, आणि माणूस म्हणतो, थंडीच इतकी आहे की दोन मोजेसुद्धा पुरेनात. उद्या तीन घालू.

स्कीचा बूट हातात घेऊन पाहिला की सगळं लक्षात येतं. बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच, आत काढता येणारं मऊ अस्तर, पुढे तीन किंवा चार धातूच्या कड्या आणि नडगीपाशी एक रुंद पट्टा. घोट्यात तो वाकत नाही म्हटलं तरी चालेल, जो काही वाकतो तो पुढच्या बाजूला आणि तोही थोडा. त्याचं काम पाय गरम ठेवण्यापुरतं नसतं. नडगीने बुटाच्या जिभेवर दाब दिला की तो दाब खालच्या पट्टीच्या कडेपर्यंत पोचतो आणि पट्टी वळते. बूट सैल असेल तर पाय आतल्या आत वळतो आणि पट्टी सरळ चालत राहते, बहुधा समोरच्या माणसाच्या दिशेने. शिवाय उतारावर पाय पुढे घसरून अंगठा कवचावर आपटतो, तिसऱ्या दिवशी नख काळंनिळं. सैल बूट घट्ट करायला कड्या शेवटच्या खाचेत ओढल्या की पोटरीचं रक्त अडतं आणि बोटं बधिर होतात. दोन मोज्यांची तऱ्हा अशीच. ते एकमेकांवर सरकतात, टाचेपाशी सुरकुती पडते आणि जिथे सुरकुती तिथे दुपारपर्यंत फोड. म्हणून स्कीच्या बुटात मोजा एकच, पातळ ते मध्यम, लोकरीचा किंवा लोकर-नायलॉनच्या मिश्रणाचा, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, आणि दर सकाळी पूर्ण कोरडा. माणशी तीन जोड भरपूर झाले. थर्मलची विजार बुटात खोचायची नाही. तिचा काठ नडगीवर दाबला जातो आणि संध्याकाळी तिथे बांगडीसारखा लाल वळ दिसतो. ती बुटाच्या वरच्या काठापर्यंत ओढून घ्यायची. बुटात पाय आणि मोजा, बाकी कशालाही आत थारा नाही.

बूट विकत न्यायचे नसतात, ते तिथेच पट्टी आणि काठ्यांबरोबर भाड्याने मिळतात. पण बॅग भरायच्या आधी घरी करायचं एक काम आहे, आणि मोजे घेण्याच्या आनंदात ते हमखास राहून जातं. स्कीच्या बुटाचं माप आपल्या सात-आठ नंबरात नसतं, पावलाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये असतं, २४.५, २६, २७.५ असं. संध्याकाळी, म्हणजे दिवसभर चालून पाय किंचित फुगलेला असताना, स्कीचा मोजा घालून भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलची खूण करायची. दोन्ही पावलं मोजायची, कारण थोडा फरक बहुतेकांच्या पायांत असतो, आणि मोठं माप धरायचं. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरून सुटली पाहिजेत. ताठ उभं असतानाच पुढे अंगठाभर जागा राहिली तर बूट मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो. मुलांच्या बाबतीत "पुढच्या वर्षीही होतील" हा आपला हिशेब इथे लावायचाच नाही. बूट परत द्यायचे आहेत, पुढच्या वर्षीचा प्रश्नच नाही.

त्याच कागदावर प्रत्येकाचं वजन, उंची, वय आणि कपाळावरून फिरवलेल्या टेपने घेतलेला डोक्याचा घेर लिहायचा. घेर हेल्मेटसाठी. वजन मात्र त्याहून महत्त्वाचं. बूट पट्टीला ज्या कुलपात अडकतो त्याची स्प्रिंग किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीची सवय यांवरून ठरतं. स्प्रिंग सैल राहिली तर पट्टी वाटेल तिथे निसटते. घट्ट राहिली तर पडल्यावरही निसटत नाही आणि पिळवटतो तो गुडघा. अनोळखी माणसासमोर आठ किलो कमी सांगायची सवय पुष्कळांना असते, आणि बहुतेक ठिकाणी ती कुणाचं काही बिघडवत नाही. इथे खरं वजन सांगावं. नवशिक्याने तर "मला थोडं येतं" असंही म्हणू नये.

आता कापूस. हा मुद्दा खानदेशी माणसाच्या गळी उतरवणं कठीण, कारण अंगाला कापूस लागलेला बरा असं आपण मनापासून मानतो, आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात त्याच्याइतकं शहाणं कापड दुसरं नाही. पण कापूस पाणी किती पितो हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? खरेदी केंद्रावर बोंडात ओलाव्याचं मीटर खुपसतात तेव्हा गाडीवाल्याचा श्वास अडकतो. ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. सुती बनियनचं बर्फात तेच होतं. स्की म्हणजे मेहनत. पहिल्या तासात पाच वेळा पडून पाच वेळा उठलं की उणे तापमानातही पाठीला घाम फुटतो. बनियन तो पिऊन घेते आणि धरून ठेवते. मग उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत दहा मिनिटं उभं राहिलं की ओलं कापड अंगाची ऊब खेचू लागतं. हवेपेक्षा पाणी उष्णता वीस-पंचवीस पट वेगाने वाहून नेतं, त्यामुळे वर कितीही भारी जाकीट असलं तरी माणूस आतून कुडकुडतो. जीन्सची कथा याहून वाईट. बर्फात बसली की भिजते, भिजली की जड होते, आणि उन्हाआड गेली की पत्र्यासारखी कडक. बॅगेत जीन्स एकच असावी, प्रवासात घालायची.

अंगाला लागून घालायचं ते पॉलिस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, घट्ट पण आवळणारं नाही. लोकरीची खुबी अशी की स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प पोटात घेऊनही ती अंगाला ओली लागत नाही आणि तिला वासही उशिरा येतो. महाग आहे, म्हणून निदान मोजे लोकरीचे घ्यावेत आणि थर्मल पॉलिस्टरचं चालवून घ्यावं. चार दिवसांसाठी माणशी दोन संच, एक अंगात, एक वाळत. बाजारात "थर्मल" म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं सुती असतं. शिवणीतली चिठ्ठी उलटून वाचायची, पाकिटावरच्या हिमशिखराच्या चित्रावर जायचं नाही.

थरांची गोष्ट रावेर-यावलच्या केळीवाल्याला एका वाक्यात समजते. पारा १२ च्या खाली घुटमळू लागला की केळीची वाढ थांबते, सालीवर काळपट झाक येते, घड बाहेर पडताना अडकतात. मग तो काय करतो? बागेच्या कडेने शेवरीची नाहीतर गजगवताची भिंत आधीच उभी केलेली असते, ती वारा अडवते. घडांवर पिशव्या चढवतो, त्यांच्यात हवा अडकून राहते. रात्री विहिरीचं पाणी देतो, ते हवेपेक्षा कोमट असतं, आणि बांधावर शेकोट्या पेटवतो. माणसाचे तीन थर याहून वेगळे नाहीत. अंगाचं थर्मल घाम बाहेर ढकलतं. मधला फ्लीसचा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा, किंवा लोकरीचा स्वेटर हवा धरून ठेवतो, घडावरच्या पिशवीसारखा. आणि सर्वांत वरचं जाकीट शेवरीची भिंत असतं, वारा आणि पाणी अडवायला. त्याने स्वतः ऊब दिली पाहिजे अशी अपेक्षाच नाही. ही भिंत नसेल तर फ्लीस निरुपयोगी, कारण त्याच्यातून वारा जाळीतून जावा तसा आरपार जातो. पावसाळ्यातला रेनकोट वर घालून भागेल का, असं कुणीतरी विचारतंच. पाणी अडेल, पण घामही आतच अडेल, आणि प्लास्टिकचा स्वस्त कोट थंडीत कडक होऊन काखेत फाटेल. पिसांचं फुगीर जाकीट संध्याकाळी बाजारात हिंडायला उत्तम. उतारावर ते भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब संपते.

गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारे घेराव घालतात. बर्फात चालायला, फोटो काढायला ते ठीक आहेत. स्की करायला नाहीत. पोटऱ्यांपर्यंतचा कोट पायांत येतो आणि गमबूट पट्टीच्या कुलपात बसतच नाही. पाणी न लागणारी विजार मात्र हवीच. मुलांसाठी खांद्यावर पट्टे असलेली, म्हणजे पाठीवर पडून घसरलं तरी कमरेतून बर्फ आत जात नाही. मुलं पाठीवर पडून घसरतातच, बहुतेक मुद्दाम.

हात, डोकं आणि डोळे यांच्यावर पैसे वाचवू नयेत, बाकी सगळीकडे वाचवावेत. लोकरीचे विणलेले हातमोजे दिसतात गोड, पण बर्फाचा गोळा एकदा केला की चिंब. बाहेरून पाणी न लागणारे हवेत, आणि लहानांसाठी चार बोटं एकत्र असलेले, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. मोठ्यांना एक जोड पुरतो. मुलांना दोन, आणि दोन्ही जोडांना मनगटात अडकवायची दोरी, नाहीतर एक हातमोजा लिफ्टवरून खाली पडतो आणि दुसरा बॅगेत आयुष्यभर एकटा राहतो. माकडटोपी घ्याच, पण हॉटेलसाठी. हेल्मेटखाली ती मावत नाही आणि मावलीच तर हेल्मेट वर उचललं जाऊन कपाळ उघडं पडतं. हेल्मेटखाली पातळ टोपी, गळ्यात नळीसारखा पट्टा. मफलर, ओढणी, पदर यांची टोकं लोंबकळत ठेवून दोराने वर ओढणाऱ्या ओढलिफ्टजवळ जाऊ नये. तो फिरता दोर कुणाची ओढणी आहे हे बघत नाही.

गॉगलच्या पाकिटावर काच किती गडद ते सांगणारा एस-० ते एस-४ असा आकडा असतो. लख्ख उन्हाला एस-३, ढगाळ दिवसाला एस-१. एकच घ्यायचा तर एस-२ किंवा एस-३ आणि ढग असतील त्या दिवशी जपून. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि दर हजार मीटरला ती किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. सनस्क्रीन नाकाच्या खाली, हनुवटीखाली, कानांच्या मागे लावायचं ते त्यामुळे. उन्हाची आम्हाला काय नवलाई, असं म्हणणारे भुसावळचे भले भले पहिल्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे चोळत बसतात. बर्फाने डोळे पोळतात ते लगेच कळत नाही, काही तासांनी कळतं. आणि गॉगल धुरकटला तर आतून पुसायचा नाही. आतला थर नाजूक असतो, पुसला की कायमचा धूसर. तो कपाळावर चढवून ठेवला की डोक्याची वाफ लागून धुरकटतो. डोळ्यांवरच राहू द्यावा.

खाण्याच्या पिशवीचा विषय काढला की घरातलं वातावरणच बदलतं. तोवर "एवढं कशाला" म्हणणारे सगळे गप्प होतात. दशम्या हव्यात, शेंगदाण्याची चटणी हवी, काळ्या मसाल्याची पुडी हवी, कारण तिथल्या हॉटेलात भाजी गोड करतील तर? दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने प्रवासाचे दोन दिवस टिकतात, पुढे नाही. थंड जागी ठेवल्या म्हणून बुरशी थांबेल, पण त्या अशा कडक होतील की तव्याशिवाय मोडणार नाहीत. चिक्की उतारावर खिशात ठेवायची वस्तू नाही. उणे तापमानात ती दगड होते आणि दाताचा तुकडा पाडते. राजगिऱ्याचे लाडू, खारीक, फुटाणे, शेंगदाणे चांगले. आणि केळी, हे सांगताना जीव जड होतो, पण केळी नेऊ नयेत. एका रात्रीत साल काळी पडते, आत गर चांगला असला तरी मूल हात लावत नाही. वेफर्स न्या, आणि मुलांना पाकीट बघत राहायला सांगा. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २१० मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर. हवेचा दाब तिथे इथल्या सुमारे पाऊणपट. इथली हवा आत घेऊन निघालेलं पाकीट वर पोचेपर्यंत ढोलकीसारखं फुगतं. सनस्क्रीनची ट्यूब, शाम्पूची बाटली, लोणच्याची बरणी यांचंही तेच होतं. फरक एवढाच की पाकीट फुगून शहाण्यासारखं बसतं आणि लोणचं झाकणातून बाहेर पडतं. पातळ पदार्थाची बाटली पाऊणच भरायची, वरची हवा दाबून काढून झाकण लावायचं आणि पिशवीत बांधायचं. खोबरेल तेलाचा प्रश्न नाही, ते २४ अंशांखाली गोठतं. इथे डिसेंबरात बाटली उन्हात ठेवतो, तिथे खिशात ठेवावी लागते.

आजी बरोबर असतील तर वेगळी पिशवी हवी, आणि ती त्यांच्याच हातात असावी. रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याची दुसरी जोडी, डॉक्टरांची चिठ्ठी. निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारायचं, नुसतं "काश्मीरला चाललोय" म्हणून नाही, कारण श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे आणि गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे दोरावरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३,९५० ला नेऊन सोडतो. इन्सुलिन असेल तर ते गोठू द्यायचं नाही. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसतं तसंच, पण कामाचं राहत नाही. ते आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. साधारण अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं हे कुणालाही होऊ शकतं, तरण्याताठ्या पैलवानालाही. त्यात कमीपणा नाही. एक रात्र श्रीनगरला काढून मग वर जायचं, पहिल्या दिवशी दुसरा टप्पा चढायचा नाही, तहान लागली नाही तरी पाणी पीत राहायचं. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोक जाऊ लागला तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. आजींची खरी तक्रार मात्र चहाची आणि वरणाची असणार. पाणी तिथे ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ कुकरशिवाय मऊ होत नाही आणि चहा कपात ओतेपर्यंत निवतो. लहान थर्मास नेला तर निम्मी तक्रार मिटते. लुगड्याखाली थर्मल घातलं की ऊब मिळते. फक्त काठ बर्फात ओला होतो, म्हणून खोलीबाहेर जायचं तेव्हा सलवार बरी. ती घालायला राजी करणं हे मात्र बॅग भरण्याइतकंच वेळखाऊ काम आहे. आठवडाभर आधी सुरुवात करावी.

वजनाचं गणित विमानाने जाणाऱ्याला सुटत नाही. बहुतेक तिकिटांवर खाली १५ किलो आणि हातात ७. जाकिटं हवा काढायच्या पिशवीत दाबून बॅग निम्मी झाल्याचा आनंद होतो, पण वजन तेवढंच राहतं, आणि परतताना हवा खेचायला तिथे यंत्र नसतं. शिवाय येताना कपडे थोडेफार दमट असतात. जाताना दोन किलो मोकळे ठेवून निघावं. पॉवर बँक खालच्या बॅगेत चालत नाही, हातातच न्यावी लागते. वीस हजार एमएएचची म्हणजे ७४ वॅट-तास, ती चालते. मोबाइल बाहेरच्या खिशात ठेवला तर थंडीने चाळीस टक्क्यांवरूनच बंद पडतो. आतल्या खिशात गरम झाला की पुन्हा जागा होतो. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरात निदान एक पोस्टपेड असू द्यावं. रेल्वेने जायचं तर झेलम भुसावळहून थेट जम्मूला सोडते, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरलाही गाडी जाते. वजनाची कटकट कमी, पण बर्थखाली मावेल अशाच उंचीच्या बॅगा हव्यात. चाकांची भलीमोठी बॅग उभी राहिली की रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडग्या फुटतात.

चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबर ते ३० जानेवारीच्या चाळीस दिवसांत, रात्री पारा उणे आठ-दहापर्यंत सहज उतरतो. त्या रात्रींसाठी बॅगेत तीन फुकटच्या वस्तू हव्यात. पाच मीटर दोरी, डझनभर चिमटे आणि जुनी वर्तमानपत्रं. संध्याकाळी खोलीत शिरल्या शिरल्या बुटाचं अस्तर ओढून काढायचं, आत कागदाचे बोळे कोंबायचे, तासाभराने ते फेकून नवे कोंबायचे. कागद ओल पितो. अस्तर बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीला, टेकवून वाळवायला गेलं तर फोम आकसतो आणि सकाळी बूट चावतो, वर नुकसानभरपाई वेगळी. कोळशाची कांगडी किंवा बुखारी पेटती ठेवून खोली घट्ट बंद करून झोपायचं नाही, विषारी वायू साचतो. झोपताना दिवसाचे मोजे काढायचेच, कोरडे वाटले तरी. त्यात घाम असतो.

रात्रीसाठी एक जाड, सैल, मऊ जोड मात्र हवा. आणि तो ज्यांनी सोळा घेतले त्यांच्याकडे असणारच. माणशी एक झोपायला, चार गेले, उरले बारा. मुलीचा प्रश्न बरोबर होता हे पहिल्या सकाळी भाड्याच्या दुकानात बाकावर बसून बुटात पाय कोंबताना कळेल, आणि पप्पा वरचा मोजा काढून खिशात टाकतील. उतारावर नेलेल्या पाण्याच्या बाटलीचं तोंड आधी गोठतं, कारण पाणी वरून गोठत खाली येतं. म्हणून बाटली पिशवीत उलटी ठेवतात, बूच खाली. तिच्यावर बुडाकडून एक जाड मोजा चढवायचा आणि त्याच्यावर दुसरा. इथे मोज्यावर मोजा चालतो. बाटलीला फोड येत नाहीत.